तीन तिघाडा

"मी बाहेर पडते, तुम्ही दोघं बोला." आमच्या गटातल्या ताईंनी हे व्हिडिओ कॉलच्या चॅटमध्ये टाइप केलं, कारण आवाज कुणाचाच कुणाला जात नव्हता. त्या आत आल्या तसा माझ्या समोरचा चेहरा गोठला, मग काळा पडला. त्यांचा स्वतःचा चौकोनही काळाच. नावं मात्र तिघांचीही ठळक दिसत होती. कुणी हात वर केला तर त्याची पिवळी खूणसुद्धा पोचत होती. त्या गेल्या आणि काही सेकंदांत आम्हा दोघांचं चित्र, आवाज, सगळं जागच्या जागी आलं. पलीकडून मित्र हसून म्हणाला, "तीन तिघाडा, काम बिघाडा!" मीही हसलो. पुढच्या वेळी ताई आल्याच नाहीत. माझा फोन जुना झालाय, माझ्याकडे नेट नीट नसतं, मला या गोष्टी जमत नाहीत, अशी कारणं त्यांनी आपणहून दिली होती आणि आम्ही ती ऐकून घेतली होती. मला ते दोन-चार दिवस टोचत राहिलं. एक तर त्यांचं नेट माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मला ठाऊक होतं. आणि दुसरं म्हणजे 'मी गेले की सगळं सुरळीत होतं' असं एखाद्या माणसाला वाटावं, तेही आपण सांभाळत असलेल्या सर्व्हरमुळे, हे काही बरं नव्हे.

आमचा छोटा गट आहे. एकमेकांचं लिखाण वाचून दाखवायचं, त्यावर बोलायचं, बस. त्यासाठी स्वतःचा व्हिडिओ कॉलचा सर्व्हर कशाला, असं लोक विचारतात. वेळेचं बंधन नको, खातं उघडायची कटकट नको, आणि आपलं अर्धकच्चं लिखाण कुणाच्या यंत्रातून जातं हे आपल्याला माहीत असावं, एवढीच कारणं. गटातल्या एकाने जित्सी मीट बसवलं होतं. २००३ साली स्ट्रासबूर्गच्या विद्यापीठात एमिल इवोव्ह या विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून ज्याची सुरुवात झाली, तेच हे मुक्त सॉफ्टवेअर. ज्याने ते बसवलं तो पुढे दुसऱ्या व्यापांत अडकला आणि सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडे आला. त्याच सुमारास ज्यावर सर्व्हर चालतो ते भाड्याचं यंत्रही बदललं होतं. त्यानंतर बहुतेक वेळा आम्ही दोघंच कॉलवर असायचो, आणि दोघांचं उत्तम चालत होतं.

इथेच सगळी मेख होती.

व्हिडिओ कॉल बंद पडला की माणसं जी वाक्यं बोलतात ती ठरलेली असतात. "माझ्याकडे सगळं ओके आहे." "यूट्यूब चालतंय ना मग!" "काल चालत होतं." यातलं प्रत्येक वाक्य खरं असतं आणि एकातूनही काही सिद्ध होत नाही. यूट्यूब चालतं याचा अर्थ तुमच्या घरातून बाहेरच्या यंत्राच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टापर्यंत, म्हणजे वेबसाठी ठरलेल्या दारापर्यंत, वाट आहे, एवढाच. काल चालत होतं, पण काल कोण कोण होतं? हा प्रश्न मी हल्ली सगळ्यात आधी विचारतो. कारण जित्सीत दोनच माणसं असली तर चित्र आणि आवाज सहसा सर्व्हरमधून जातच नाहीत. सर्व्हर दोघांची ओळख करून देतो, एकाचा पत्ता दुसऱ्याला कळवतो, आणि मग दोन्ही ब्राउझर एकमेकांशी थेट बोलू लागतात. तिसरं माणूस आलं की हे थेट बोलणं थांबवून सगळ्यांचं चित्र आणि आवाज सर्व्हरवरच्या 'व्हिडिओब्रिज' नावाच्या प्रोग्रॅमकडे वळवलं जातं. म्हणजे तिसऱ्याच्या येण्याने बिघाड होत नाही. बिघडलेल्या वाटेवरून जायची वेळ तिसऱ्याच्या येण्याने पहिल्यांदा येते. नावं, चॅट, हात वर केल्याची खूण हे सगळं वेगळ्या वाटेने, नेहमीच्या वेबच्या ४४३ वरून जातं. म्हणून ताई 'आत' होत्या आणि तरी कुणालाच दिसत नव्हत्या.

हे माहीत असणं आणि दाखवून देता येणं यात अंतर आहे. ब्रिजला चित्र आणि आवाज मिळतात ते १०००० क्रमांकाच्या यूडीपी पोर्टावर; यूडीपी म्हणजे पोचपावतीशिवाय माहिती पाठवायची पद्धत. साहजिकच पहिला संशय फायरवॉलवर, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर. पण यूडीपीचं पोर्ट उघडं आहे की नाही हे तपासणं म्हणजे डोक्याला ताप. टीसीपी ही पावती घेऊन पाठवायची पद्धत; तिचं पोर्ट बंद असलं तर यंत्र बहुतेकदा तोंडावर 'नाही' म्हणून सांगतं. नकारातही एक सौजन्य असतं. यूडीपीत ते नाही. १९८० साली जॉन पोस्टेलने जो मसुदा लिहिला तो तीन पानांचा आहे. पाठवणाऱ्याचं पोर्ट, घेणाऱ्याचं पोर्ट, लांबी, चेकसम (चूक ओळखायचा आकडा), संपलं. पोचल्याची पावती नाही, न पोचल्याचं दुःख नाही. चित्र-आवाजाला हेच हवं असतं, कारण अर्ध्या सेकंदापूर्वीचा हरवलेला शब्द आत्ता आणून देण्यात काही अर्थ नसतो. पण बिघाड शोधणाऱ्याचे हाल होतात. नेटकॅटला, म्हणजे पोर्टावर काहीतरी धाडून बघायच्या छोट्या साधनाला, यूडीपीबद्दल विचारा. पलीकडून काहीच आलं नाही तर ते खुशाल 'यशस्वी' म्हणून छापतं. काहीच न येणं म्हणजे पॅकेट (पाठवलेला माहितीचा तुकडा) पोचलं आणि ऐकणारा गप्प बसला, की वाटेत फायरवॉलने गिळलं, हे त्याला कळायला मार्ग नाही.

म्हणून दोन खिडक्या उघडाव्या लागतात. एकीत सर्व्हरवर टीसीपीडम्प लावला, १०००० वर येणारं-जाणारं सगळं दाखव म्हणून. दुसरीत माझ्या लॅपटॉपवरून नेटकॅटने त्याच पोर्टावर एक शब्द धाडला. सर्व्हरच्या खिडकीत लगेच एक ओळ उमटली: माझा पत्ता, बाण, सर्व्हरचा पत्ता, लांबी. पॅकेट पोचलं. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडं होतं. मग मित्राला आणि आणखी एकाला कॉलवर घेतलं आणि तिघांचे चौकोन काळे पडलेले असताना पुन्हा त्या खिडकीकडे पाहिलं. ओळी सरासर धावत होत्या, पण सगळे बाण एकाच दिशेला. सर्व्हर बाहेर हाका मारत होता, आत मात्र एकही पॅकेट येत नव्हतं. मी लॅपटॉपवरून पाठवलेला शब्द पोचतो, पण तीन ब्राउझरांतल्या एकाचंही पॅकेट पोचत नाही. खरं सांगायचं तर हा क्षण मला आवडतो. काहीच कळत नाही अशा अवस्थेतून 'हे विचित्र आहे' इथपर्यंत आलो की काम निम्मं झालेलं असतं. पोर्ट उघडं असूनही जर कुणी येत नसेल, तर येणाऱ्यांना कुठे यायला सांगितलंय?

क्रोममध्ये वेबआरटीसी-इंटर्नल्स नावाचं पान असतं, फायरफॉक्समध्येही तसलंच एक आहे. कॉल चालू असताना ते शेजारी उघडून ठेवलं तर पडद्यामागचं सगळं दिसतं: कोणी कोणाला कोणते पत्ते दिले, त्यातल्या कोणत्या जोड्या तपासल्या, कोणत्या फसल्या. दिसायला भयंकर पान आहे. आकड्यांचं आणि आलेखांचं रान. पण त्यात पाहायची गोष्ट एकच असते, 'कँडिडेट' म्हणून सुरू होणाऱ्या ओळी. आमच्या ब्रिजने ब्राउझरला दिलेली ओळ अशी होती: यूडीपी, मग २१३०७०६४३१ ही लांबलचक संख्या, मग १०.०.०.५ हा पत्ता, मग पोर्ट १००००, आणि शेवटी 'होस्ट' हा प्रकार. ती संख्या म्हणजे प्राधान्य. यंत्राला स्वतःला जो पत्ता माहीत आहे त्याला सर्वांत वरचं प्राधान्य, त्यातून हा आकडा निघतो. त्याखाली आणखी एक ओळ हवी होती, १६९४४९८८१५ या आकड्याची, जिच्यात बाहेरच्या जगातून दिसणारा पत्ता असतो. ती नव्हतीच. दार उघडं होतं, पण आमंत्रणपत्रिकेवर घराच्या पत्त्याऐवजी 'माजघर, उजवीकडे' एवढंच छापलेलं होतं. तिन्ही ब्राउझर बिचारे आपापल्या घरच्या जाळ्यात १०.०.०.५ शोधत बसले होते.

१०, १९२.१६८ आणि १७२.१६ ते १७२.३१ या पत्त्यांचं असंच असतं. ते १९९६ पासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जगात कुणीही ते आपल्या आतल्या जाळ्यात वापरावेत, फक्त बाहेर त्यांना अर्थ नाही. मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरचा राउटर दुरुस्त करायला बसलो तेव्हा त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ पाहून गांगरलो होतो. हा तर आमच्या राउटरचा पत्ता! मी चुकून आमच्याच घरी तर जोडला गेलो नाही ना, अशी एक वेडगळ शंका क्षणभर येऊन गेली होती. इंटरनेटचे जुने पत्ते एकूण चार अब्ज एकोणतीस कोटींच्या आसपास. ते पुरणार नाहीत हे लवकरच लक्षात आलं, आणि १९९४ साली नॅटची कल्पना मांडली गेली: आत हवी तितकी यंत्रं, बाहेर एकच पत्ता, मध्ये बसून राउटर पत्ते बदलत राहणार. मांडणाऱ्यांनी स्वतःच तो तात्पुरता उपाय म्हटला होता. तात्पुरत्या उपायांचं पुढे काय होतं हे आपण सगळे जाणतो. आता तर मोबाइलच्या जाळ्यांत नॅटच्याही बाहेर कंपनीचा आणखी एक नॅट असतो, आणि त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा पत्त्यांचा वेगळा पट्टा २०१२ मध्ये राखून दिलेला आहे. फोनवर हा पट्टा दिसला की समजायचं, या माणसापर्यंत बाहेरून सरळ पोचणं कठीण.

तर यंत्राला स्वतःचा बाहेरचा पत्ता ठाऊक नसतो. तो बाहेरच्या कुणाला तरी विचारावा लागतो. यावर कुणालाही प्रवचन सुचेल. मी ते गिळतो आणि पुढे जातो, कारण मला यातली खरी गंमत निराळीच वाटते. हे विचारण्याच्या पद्धतीचं नाव स्टन. तुम्ही बाहेरच्या स्टन सर्व्हरला एक पॅकेट पाठवता, तो उत्तर देतो, 'मला तुझं पॅकेट अमुक पत्त्यावरून, अमुक पोर्टावरून आलेलं दिसलं.' २००३ च्या पहिल्या मसुद्यात हा पत्ता उत्तरात सरळ लिहिलेला असे. झालं असं, की काही राउटर फाजील उत्साही निघाले. पॅकेटवरचा पत्ता बदलणं हे त्यांचं काम होतंच; पण पॅकेटच्या पोटात कुठे आपला बाहेरचा पत्ता दिसला तर तोही ते मदत म्हणून बदलून आतला करून ठेवत. म्हणजे 'बाहेरून तू कसा दिसतोस' या प्रश्नाचं उत्तर वाटेत खोडलं जायचं आणि विचारणाऱ्याला पुन्हा आतलाच पत्ता मिळायचा. म्हणून २००८ च्या सुधारित मसुद्यात पत्ता एका ठरलेल्या संख्येशी एक्सऑर करून, म्हणजे तिच्यात उलगडता येईल असा मिसळून, पाठवायला सुरुवात झाली, म्हणजे राउटरला तो ओळखूच येऊ नये. यात गुप्तता अशी काहीच नाही. ती संख्या छापील मसुद्यात आहे, कुणीही उलगडू शकतं. निव्वळ मध्येच बसलेल्या मदतनीसापासून बचाव. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो होतो. जगभरच्या व्हिडिओ कॉलांत क्षणोक्षणी हा छोटासा वेषांतराचा खेळ चालू असतो आणि बोलणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

आमच्या ब्रिजचं घोडं याच्याही आधी पेंड खात होतं. तो सुरू होताना स्टनला विचारायचा प्रयत्न करतो, पण यंत्र भाड्याने देणाऱ्यांच्या पॅनलमध्ये वेगळीच फायरवॉल असते, यंत्राच्या आतल्या फायरवॉलच्याही बाहेर. तिच्यात आत येणाऱ्या १०००० ला परवानगी होती, पण बाहेर जाणाऱ्या यूडीपीला, डीएनएसपुरता (नावावरून पत्ता शोधायची सोय) अपवाद सोडला तर, परवानगीच नव्हती. म्हणून ब्रिजने विचारलेला प्रश्न दाराबाहेर पडलाच नाही. जुन्या यंत्राला बाहेरचा पत्ता थेट बसवलेला होता, त्यामुळे तिथे विचारायची गरजच पडली नव्हती. आता हे दोन तऱ्हांनी सुटतं. बाहेरची वाट मोकळी करा, किंवा ब्रिजच्या सेटिंगमध्ये हाताने लिहून टाका की तुझा आतला पत्ता हा आणि बाहेरचा हा. डॉकरवर, म्हणजे सॉफ्टवेअर तयार डब्यात बांधून चालवायच्या सोयीवर, चालवणाऱ्यांसाठी यालाच 'ॲडव्हर्टाइज आयपीज' नावाचं सेटिंग आहे. मी हाताने लिहिलं. दर वेळी सुरू होताना स्वतःचा पत्ता कळण्यासाठी कुणा परक्या सर्व्हरवर अवलंबून राहावं, हे ज्याचा पत्ता कायमचा ठरलेला आहे अशा यंत्राला शोभत नाही, असं माझं मत. ज्यांचा पत्ता वरचेवर बदलतो त्यांनी अर्थात विचारत राहावं. ब्रिज पुन्हा सुरू केला, तिघं आत आलो, आणि इंटर्नल्सच्या पानावर १६९४४९८८१५ ची ओळ दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. टीसीपीडम्पच्या खिडकीत आता बाण दोन्ही दिशांना होते, इतक्या वेगाने की वाचता येईनात.

लॉग, म्हणजे आपोआप ठेवल्या जाणाऱ्या नोंदी, मात्र मी नंतर सावकाश वाचले.

त्यात एक गोष्ट दिसली जिच्यासाठी हा सगळा लेख लिहायचा खटाटोप. जित्सीत दोघं आत आले की थेट बोलणं तर सुरू होतंच, पण त्याच वेळी मागच्या मागे प्रत्येकाची ब्रिजशीही जोडणी लावून ठेवायचा प्रयत्न होतो, उद्या तिसरा आला तर हाताशी असावी म्हणून. त्या संध्याकाळच्या लॉगमध्ये ब्रिजशी जोडणी फसल्याची ओळ होती, आणि तिची वेळ ताई आत येण्याच्या आधीची होती. आम्ही दोघं मजेत बोलत होतो, चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत, आणि त्याच मिनिटाला आमच्याच दोन्ही जोडण्या पडलेल्या होत्या. आम्हाला त्या लागत नव्हत्या, म्हणून कळलं नाही. मग ताई आल्या, सगळ्यांना ब्रिजकडे जायला सांगितलं गेलं, आणि जे आधीच पडलेलं होतं ते दिसलं. पुरावा म्हणाल तर उघड्या डोळ्यांना दिसणारा सगळा पुरावा ताईंच्या विरुद्ध होता: आल्या की बंद, गेल्या की चालू. पुन्हा करून पाहिलं तरी तेच. कुठल्याही शहाण्या माणसाने हाच निष्कर्ष काढला असता.

मी त्यांना फोन केला. "ताई, तुमचं काही नव्हतंच. फोन ठीक आहे, नेट ठीक आहे." त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मग मी गेल्यावर लगेच कसं सुरू झालं?" उगाच समजूत घालतोय असं त्यांना वाटत असणार. मग मी सगळं सांगितलं, दोघांचं थेट बोलणं, तिसऱ्याला ब्रिज, आतला पत्ता, लॉगमधली वेळ. मध्ये एकदा त्या 'थांबा, परत सांगा' म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तुम्ही दोघं त्या सर्व्हरवर बोलतच नव्हता! सर्व्हर वापरणारी पहिली मीच." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तंत्राची ओळखदेख नसलेल्या माणसाने एका वाक्यात केलेलं इतकं अचूक निदान मी क्वचित ऐकलंय. मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो जरा ओशाळला, जरा चिडला. म्हणीचा विनोद होता, त्यात काय एवढं, असं त्याचं म्हणणं, आणि तेही खोटं नाही. विनोद कुणी वाईट हेतूने केला नव्हता. पण जो शेवटी येतो त्याच्या माथी खापर फुटतं ही गोष्ट नुसती सर्व्हरपुरती नाही, हे त्यालाही ठाऊक आहे, मलाही. त्यावर आम्ही फार बोललो नाही.

सगळं सुरळीत झालं असं वाटायला लागलं तेवढ्यात गटातला आणखी एक जण एकदा ऑफिसमधूनच कॉलवर आला आणि पुन्हा काळे चौकोन. या वेळी फक्त त्याचाच, बाकीच्यांचं चालू. हे निदान सोपं. काही कार्यालयांची जाळी यूडीपी सरसकट अडवतात. तिथे पत्ता कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही. अशांसाठी टर्न असतो: चित्र-आवाज नेहमीच्या सुरक्षित वेबसारखे दिसतील अशा रीतीने ४४३ वरून टीसीपीत घ्यायचे आणि पुढे ब्रिजकडे पोचवायचे. मी कोटर्न नावाचा टर्न सर्व्हर बसवला आणि त्याचे लॉग उघडले तर पहिलीच ओळ ४०१, अनधिकृत. ही ओळ पाहून लोक पासवर्ड बदलत बसतात. बदलू नये. टर्नची रीतच अशी आहे की पहिली विनंती नावगाव न सांगता करायची, सर्व्हरने ४०१ म्हणून ती परतवायची आणि सोबत ठरावीक वेळापुरता चालणारा एक संकेत द्यायचा, मग तो घेऊन दुसरी विनंती करायची. पहिला नकार हा शिष्टाचाराचा भाग आहे. दुसराही ४०१ आला तर मात्र काळजी करावी, आणि अशा वेळी मी आधी दोन्ही यंत्रांची घड्याळं बघतो. कारण जित्सी ब्राउझरला टर्नसाठी जे वापरकर्त्याचं नाव देते त्यात मुदत संपण्याची वेळच लिहिलेली असते. टर्नच्या यंत्राचं घड्याळ पुढे धावत असेल तर त्याच्या लेखी पासवर्ड जन्मतःच शिळा असतो.

टर्नवरून आलेला माणूस ओळखू येतो. जाळं थोडं डळमळलं की त्याचा आवाज थांबतो आणि मग अडकलेली सगळी वाक्यं एकदम, भरभर, एकमेकांवर आदळत येतात. टीसीपी एकही पॅकेट हरवू देत नाही. मागचं येईपर्यंत पुढचं अडवून धरतो. यूडीपीत तोच माणूस मध्येच एखादं अक्षर गाळतो आणि पुढे जातो. ऐकायला गाळलेलं अक्षर परवडतं. कवितावाचनात तर फारच. आमचा हा मित्र ऑफिसातून मुक्तछंद वाचतो तेव्हा ओळ कुठे तुटली ती कवीने तोडली की जाळ्याने, हे विचारून घ्यावं लागतं. त्याला ते फारसं आवडत नाही.

एक शेवटचा मुद्दा उरतो, आणि त्यावर माझं आणि मित्राचं अजून जुळलेलं नाही. त्याचं म्हणणं, दोघांचं थेट बोलणं सेटिंगमधून कायमचं बंदच करून टाक. म्हणजे दोन माणसं असली तरी ब्रिजवरूनच जातील, आणि ब्रिज पडला तर पहिल्या दोघांनाच कळेल, तिसऱ्यावर यायची पाळी येणार नाही. न्याय म्हणून बरोबर आहे. पण थेट बोलण्याचेही फायदे आहेत. उशीर कमी लागतो, आमच्या छोट्या यंत्रावरचा बोजा वाचतो. शिवाय दोघांत थेट जातं तेव्हा ते वाटेत कुठेच उलगडलं जात नाही. ब्रिजवरून गेलं की नेहमीच्या रचनेत प्रत्येकाची गुप्त जोडणी ब्रिजपर्यंतच असते, तिथे ती उलगडून पुढच्यासाठी पुन्हा बांधली जाते. ब्रिज आपलाच आहे हे खरं, पण दोन माणसांनी आपसात बोललेलं तिसऱ्या यंत्रातून विनाकारण का न्यायचं? म्हणून मी मधला मार्ग काढलाय. कॉलच्या पत्त्याच्या शेवटी एक शेपूट जोडता येतं, ज्याने त्या पत्त्यावरून आत येणाऱ्यांपुरतं थेट बोलणं बंद होतं. सर्व्हरमध्ये काहीही बदललं, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली, की मी त्या शेपटाच्या पत्त्यावर जातो, लॅपटॉप घरच्या वायफायवर आणि फोन मोबाइल डेटावर ठेवून. दोन्हीकडे माझाच चेहरा दिसला आणि माझाच आवाज घोगरा होऊन परत आला की मग गटाला कळवतो. मित्र म्हणतो, हे तू आठवणीने करतोस तोवर ठीक आहे. सेटिंगला आठवण लागत नाही. तसं त्याचंही बरोबरच आहे. मी ही चाचणी आपोआप चालणारी करता येते का ते बघतोय.